भांड्यांवर नाव घालून मिळेल

दुकानात गिऱ्हाईक असतं तेव्हा किस्से घडतात, पण सांगायला सवड नसते. गिऱ्हाईक तुटलं की सवडच सवड. आमच्या लाइनीत शेवटच्या काही वर्षांत माल हलत नव्हता आणि किस्से मात्र साचत चालले होते. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत व्हायचं नाही, म्हणून बसा जरा.

लाइन म्हणजे लातुरात गोलाईच्या बाजारचौकाकडून निघणाऱ्या एका रस्त्यावर एका इमारतीतली खालची तीन दुकानं. पहिलं मुकुंदकाकांचं, घड्याळ दुरुस्तीचं. मधलं रफिकभाईचं, शिलाईचं. शेवटचं माझं, भांड्यांचं. माझं म्हणजे आधी माझ्या वडिलांचं, अण्णांचं. जागा तिघांचीही दादासाहेबांची. दादासाहेब मालक होते, पण रोज संध्याकाळी रफिकभाईच्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि आमच्यातलाच अर्धा चहा प्यायचे. ते गेले. आता त्यांचा मुलगा अजित आहे. त्याच्याबद्दल बोलताना माझी जीभ सैल सुटते, हे आधीच सांगतो. बायको म्हणते, बीपी वाढेल. वाढू दे.

*

आमच्या पाटीवर दुकानाच्या नावाखाली एक ओळ होती : ‘भांड्यांवर नाव घालून मिळेल.’ आमच्याकडं भांडं घेतलं की नाव फुकट. अण्णा आधी छिन्नी-हातोडीनं टिंबं ठोकून नाव घालायचे, नंतर मशीन आलं. लग्नाच्या भांड्यावर ‘सप्रेम भेट’, वर्षश्राद्धाच्या भांड्यावर गेलेल्या माणसाचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि खाली देणाऱ्याचं नाव. स्मरणार्थचं भांडं अण्णा कापडात बांधून द्यायचे. ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातानं सोडायचं, अशी आमच्या दुकानाची रीत.

दादासाहेबांच्या घरात वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पत्नीला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्कांच्या वाट्याला एक पितळी पातेलं आलं आणि त्याच्यावर नाव निघालं जावेचं. आक्का ऐन संध्याकाळी पातेलं कडेवर घेऊन आमच्या दुकानात आल्या.

“अण्णा, हे नाव काढा. हिच्या नावाचा भात मी शिजवायची न्हाई.”

अण्णांनी हातातल्या ताटावरची नजर वर केली नाही. “आक्का, नाव घालायचं मशीन असतं. काढायचं नसतं.”

आक्का फणकाऱ्यानं परत गेल्या. शेजारी बाकड्यावर दादासाहेब बसले होते, ते इतके हसले की रफिकभाईला शिलाई मशीन थांबवावी लागली. आक्कांनी पुढं कित्येक दिवस अण्णांशी बोलणं टाकलं होतं. भात मात्र त्याच पातेल्यात शिजत राहिला, कारण दुसऱ्या कुठल्या पातेल्यात तो इतका मोकळा होत नव्हता, हे त्यांनीच नंतर आमच्या आईला सांगितलं.

*

भूकंप झाला तेव्हा मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. आमच्या दुकानात वरच्या फळीवरची घागर तेवढी खाली पडली आणि तिला पोचा आला. पण किल्लारीकडून सकाळपासून जी माणसं येत होती, त्यांच्याकडं बघवत नव्हतं. रफिकभाईनं दुकानातला सगळा पांढरा कपडा त्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये टाकला. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी आमचं मशीन जेवढं चाललं तेवढं कुठल्या लग्नसराईत चाललं नाही. सगळं ‘स्मरणार्थ’. तिकडचाच एक माणूस आला आणि म्हणाला, देवळात ठेवायला कळशी द्या, नावं सांगतो. त्यानं सांगायला सुरुवात केली. आई, बायको, भाऊ, भावजय, पोरं. अण्णा लिहून घेत होते. लिहिता लिहिता ते थांबले.

“एवढी नावं कळशीवर मावणार न्हाईत बाबा. मोठी घागर घे. वरचे पैसे देऊ नको.”

तो म्हणाला, “मोठी नको अण्णा. उचलायला मी एकटाच हाय.”

अण्णांनी ती सगळी नावं त्या कळशीवर बसवली. बारीक अक्षरात, काठापासून बुडापर्यंत गोल गोल फिरवत. त्या दिवशी त्यांनी दुसरं काहीच काम घेतलं नाही.

हे मी का सांगतोय? मध्यंतरी अजितनं एक इंटिरियरवाला आणला होता. पायात बूट घालून तो माझ्या दुकानात शिरला, अण्णांच्या गादीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “ही सगळी डेड स्पेस आहे.” मी त्याला दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडला. अजितला राग आला. येऊ दे.

*

क्लासेसचं वारं सुरू झालं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आपलं भलं झालं. सगळ्या मराठवाड्यातनं पोरं लातूरला येत होती. पोरगं आलं की त्याला ताट लागतं, वाटी लागते, बादली लागते. आणि मेसमध्ये ताट बदलू नये म्हणून त्याच्यावर नाव लागतं. जून महिन्यात माझ्या दुकानासमोर आईबापांची रांग असायची.

मुरुडचे एक गृहस्थ आले. पोराची दहावी झालेली, अकरावीचं कॉलेज अजून उघडायचं होतं. ताट निवडलं आणि म्हणाले, “नावाच्या आधी डॉक्टर घाला.”

मी म्हणालो, “भाऊ, पोरगं अजून अकरावीत बी गेलं न्हाई.”

“जेवताना रोज डोळ्यासमोर राहील. घाला तुम्ही.”

घातलं. पोरगं शेजारी उभं होतं, त्याचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षांनी तेच गृहस्थ तेच ताट घेऊन आले. मला वाटलं पेढे आणलेत.

“विष्णुपुरीला लागला नंबर,” ते म्हणाले. “इंजिनियरिंगला.”

“अहो मग चांगलंच झालं की.”

“चांगलंच हाय. पण तिथं होस्टेलवर पोरं त्याला चिडवतील. डॉक्टरच्या पुढं कंसात ‘नव्हे’ घालता का?”

आम्ही तिघं या गोष्टीवर कितीतरी दिवस हसलो. पण ते हसणंही पुरलं नाही. पुढं होस्टेलवाल्यांनीच ताटं द्यायला सुरुवात केली. बाहेरून ट्रक भरून येणारी, खणाखणांची, बिननावाची. पोरं हजारांनी वाढली आणि माझ्या दुकानासमोरची रांग संपली. ती पोरं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून वडापाव खायची, कागद तिथंच टाकायची आणि जायची. ज्या शहराला आम्ही भूकंपातून उठून पुन्हा दुकानं उघडून दाखवली, त्या शहराला आता फक्त पायरी पाहिजे होती. याची मला चीड येते आणि ती मी लपवत नाही.

*

आता ऑनलाइनचं ऐका. आमच्याच कॉलनीतल्या एक बाई आहेत, शाळेत शिकवतात. एक दिवस त्या दुकानात आल्या आणि कुकर बघायला मागितला. मी चार काढून दिले. त्यांनी प्रत्येकाचं बूड वाजवून बघितलं, झाकण लावून बघितलं, हातात तोलून बघितलं. मग मोबाइल काढून एकाचा फोटो घेतला.

“मिस्टरांना दाखवते,” म्हणाल्या.

आठवड्याभरानं आल्या. पिशवीत तोच कुकर, पण पुठ्ठ्याचं खोकं कुरिअरचं. म्हणाल्या, “दादा, ह्याच्यावर तेवढं नाव घालून द्या.”

मी खोक्याकडं बघितलं. बाईंनीही बघितलं, पण त्या काही ओशाळल्या नाहीत.

“ज्यांच्याकडनं घेतला त्यांनी न्हाई का घालून दिलं?”

“त्यांच्याकडं ती सोय नसते ना. तुम्ही आपली माणसं, म्हणून हक्कानं आले.”

फुकट नाव घालायला आपली माणसं, आणि विकत घ्यायला कोण? मी कुकर परत पिशवीत घातला आणि म्हणालो, “बाई, आपल्या माणसांचं मशीन बंद पडलंय.” त्या वेळी मशीन माझ्या मांडीवर चालू होतं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. बायको भोकरची आहे, तिचं बोलणं आमच्यापेक्षा थोडं वेगळं. ती शांतपणे म्हणाली, “अन् हे गिऱ्हाइकाशी भांडून राहिले. अहो, भांडायला तरी गिऱ्हाईक राहिलंय का?”

*

दादासाहेब गेल्यावर अजितनं ठरवलं की इमारतीत अभ्यासिका काढायची. वर एसी हॉल, आणि खालची तीन दुकानं पाडून खाली दुसरा हॉल. त्यानं सुरुवात मुकुंदकाकांपासून केली, कारण काका भांडत नाहीत. काका म्हणजे गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेला माणूस. अर्ध्या लातूरच्या मनगटावरची घड्याळं त्यांच्या हाताखालून गेलेली.

अजित त्यांच्यासमोर स्टुलावर बसून त्यांना समजावत होता. “काका, आता घड्याळ कोण दुरुस्त करतंय? वेळ मोबाइलमध्ये असते. तुम्ही उगीच कष्ट घेताय.”

काकांनी भिंग काढून खिशात ठेवलं आणि महिन्याभरात दुकान रिकामं केलं. मी चिडलो, त्यांना म्हणालो, अहो भांडा की. ते म्हणाले, “त्याच्या बापाबरोबर एवढी वर्षं चहा प्यालोय रे. त्याच्याशी कसं भांडू?”

वरची अभ्यासिका सुरू झाली. तिथं भिंतीवर भलं मोठं घड्याळ लावलं होतं, पोरांना वेळ लावून पेपर सोडवताना बघायला. ते बंद पडलं. कंपनीचा माणूस पुण्याहून येणार होता, तो येईना. शेवटी अजितनं आपल्या मॅनेजरला काकांच्या घरी पाठवलं. काका पेपर वाचत होते.

मॅनेजर म्हणाला, “सरांनी बोलावलंय. घड्याळ थांबलंय.”

काकांनी पेपरचं पान उलटलं. “त्याला म्हणावं, मोबाइलमध्ये बघ.”

*

रफिकभाईची गोष्ट काकांपेक्षा वेगळी. तो भांडणारा. आमच्या लाइनीत एक पद्धत होती, शुक्रवारी दुपारी रफिकभाई नमाजला गेला की त्याच्या दुकानात मी बसायचो, आणि माझ्या घरी काही कार्य निघालं की माझ्या दुकानात तो. त्याच्या गिऱ्हाइकाला शेरवानीचं कापड मी दाखवलंय, आणि माझ्या गिऱ्हाइकाला सत्यनारायणाचा तांब्या त्यानं निवडून दिलाय. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

निकाल लागले आणि अजितनं रफिकभाईच्या दुकानावर फ्लेक्स बांधला. पहिल्या नंबरानं आलेल्या पोरांचे फोटो, एवढा मोठा की दुकानाची पाटी, दार, टांगलेले सदरे, सगळं झाकलं. रफिकभाई वर जाऊन भांडला. अजित म्हणाला, “चाचा, एकच महिना.” पुढचे निकाल लागेपर्यंत तो फ्लेक्स तिथंच होता. मग त्याच्यावर नवा लागला.

एकदा मी त्याच्याकडं बसलो होतो. बाहेर एक गिऱ्हाईक स्कूटरवरून इकडं तिकडं घिरट्या घालत होतं. जुनं गिऱ्हाईक, भावाच्या लग्नाची शेरवानी शिवायला आलेलं. शेवटी त्यानं फोन लावला. फ्लेक्सच्या आतून रफिकभाईनं उचलला.

“रफिकभाई, दुकान उठवलं का? सापडंना.”

“वो जो पोट्टे पहला नंबर आए ना, उनके फोटो दिखरे?” रफिकभाई म्हणाला. “बस, उनके पीछे मैं.”

त्या माणसाला फ्लेक्सखालून वाकून आत यावं लागलं. पुढं लोक वाकायचेही थांबले. रफिकभाईनं मशीन घरी नेली आणि आता तो घरी बसून पँटा आखूड करतो. शेरवानी शिवणारा हात हो.

*

राहिलो मी एकटा. माझ्या पायरीसमोर अभ्यासिकेच्या दुचाक्या लागायच्या. गिऱ्हाइकानं यायचं म्हटलं तरी वाट नव्हती. मी हलत नाही बघून अजितनं नवीन टूम काढली. म्हणाला, “काका, इमारतीला भूकंपातले तडे आहेत. इंजिनियर म्हणतोय, खाली दुकान ठेवणं धोक्याचं आहे.”

भूकंपाला किती काळ लोटला. त्या सकाळी मी ह्या इमारतीत होतो, तो पाळण्यात होता. मला तडे दाखवायला त्यानं वर नेलं. वर हॉलमध्ये शेकडो पोरं मान खाली घालून वाचत बसलेली.

मी म्हणालो, “अजित, खाली माझी भांडी ठेवणं धोक्याचं, अन् वर ही लोकांची पोरं बसवलीस ती?”

“नाही हो काका,” तो म्हणाला. “वर आपण पीओपी मारून घेतलंय.”

किल्लारीकडची माणसं ज्या शहरानं पाहिली, त्या शहरात हा माणूस हे हसून बोलला. मी जिना उतरलो. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हणालो, सोडतो दुकान. तिनं पदर तोंडाला लावला. एवढे दिवस सोडा सोडा म्हणणारी तीच, आणि रडलीही तीच.

*

दुकान रिकामं करत होतो. बरीचशी भांडी मोडीत गेली होती, नाव घालायचं मशीन अजून गादीवर होतं. अजित आला. खूश होता.

“काका, खालच्या हॉलचं उद्घाटन ठरलंय. बाबांच्या स्मरणार्थ पाण्याचं मोठं पिंप ठेवू म्हणतो, तोटीवालं. तुमच्याकडूनच घेतो. तेवढंच तुमचं शेवटचं काम.”

“मजकूर काय घालायचा?”

“ते तुम्ही बघा हो. तुम्हाला माहितीच असतं. बाबांचं नाव, स्मरणार्थ, खाली माझं.” दारातून परत वळून म्हणाला, “माझं जरा मोठ्या अक्षरात.”

पिंप पुढ्यात घेऊन मी मशीन लावलं. रफिकभाई आला होता, पालथ्या घमेल्यावर बसला होता. मी आधी दादासाहेबांचं नाव घातलं, जीव ओतून घातलं. मग हात थांबेना. रफिकभाई पुढं वाकून एकेक ओळ वाचत होता. त्याच्या ओळीशी आलो तसा त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, आता म्हणेल नको.

“दिनू,” तो म्हणाला, “कैलासवासी हमारे में नहीं चलता. मेरे वाले के आगे मरहूम डाल.”

मी तसं घातलं आणि पिंप कापडात बांधलं.

उद्घाटनाला आम्ही तिघंही गेलो. आमची दुकानं होती तिथं एकच लांब हॉल झाला होता. कुठल्या भिंतीपासून माझं दुकान सुरू व्हायचं, तेसुद्धा मला ओळखू येईना. मुकुंदकाका मागच्या खुर्चीत बसून जमिनीकडं बघत होते. पुढं क्लासचे मोठे सर, कॉलेजचे लोक, आईबाप, फोटोवाला. अजित माइकवर म्हणाला, “बाबांच्या आठवणीत ठेवलेल्या ह्या पिंपाचं कापड आई सोडेल आणि तीच सगळ्यांना वाचून दाखवेल.”

आक्का आता फार थकल्यात. दोघांनी त्यांना धरून आणलं. त्यांनी गाठ सोडली, कापडाची घडी केली आणि चष्मा लावला. कुणीतरी माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला.

“कैलासवासी दादासाहेब,” आक्कांनी वाचलं. अजितनं हात जोडले. त्याचं बघून पाहुण्यांनीही जोडले.

“कैलासवासी घड्याळाचे दुकान.”

मुकुंदकाकांनी मान वर केली.

“मरहूम शिलाईचे दुकान. कैलासवासी भांड्यांचे दुकान. यांच्या स्मरणार्थ.” आक्का थांबल्या. खालची ओळ मोठ्या अक्षरात होती, ती वाचायला त्यांना त्रास पडला नाही. “श्री. अजित दादासाहेब यांजकडून.”

पाहुण्यांचे हात अजून जोडलेलेच होते, सोडावेत की नाही ते कुणाला कळेना. अजित माझ्याजवळ आला. दातावर दात ठेवून, हळू आवाजात म्हणाला, “काका, हे पुसा. आत्ताच्या आत्ता.”

मी तोंड उघडणार होतो. पण आक्कांच्या कानावर ते गेलं होतं, आणि माइक अजून त्यांच्यापुढंच होता.

“नाव घालायचं मशीन असतं, अजित,” आक्का म्हणाल्या. “काढायचं नसतं. पाहुण्यांना पाणी दे.”